गोळीमागची थरथर

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधा ही वनस्पती वापरली. त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. सर्पगंधेतलं रेसरपिन हे द्रव्य पुढे मनोविकारांवरही दिलं गेलं आणि काही रुग्णांचे हात कंपवातासारखे थरथरू लागले. कारण हालचालींना लागणारं मेंदूतलं डोपामिन हे रसायन त्यानं घटलं होतं.

आज उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, मनोविकारांवरची बरीच औषधं डोपामिनचंच काम अडवतात. महिनोन्महिने घेतल्यास काहींचे ओठ, जीभ आपोआप हलू लागतात. कधी औषध सोडल्यावरही थांबत नाहीत. घरचे मात्र वयाला दोष देतात, हे फार खुपतं.

वाचकहो, जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी आणत राहू नका. अशी हालचाल दिसली तर सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. मनोविकाराची गोळी स्वतःहून बंद करू नका.