हनुवटीचे माप

कवळी म्हणजे बाजारातून आणावयाची दातांची जोडी, असा समज आमच्या इंदुरी मंडळींत अद्याप आढळतो. जोड्याचा क्रमांक सांगावा तसा तोंडाचा सांगितला की झाले! वस्तुतः दात बसविणे हा या कामाचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध मापांचा, आणि त्यातले कळीचे माप तोंडात नव्हे, चेहऱ्यावर घेतात.

दात असेपर्यंत जबडा कोठवर मिटावा हे दातच ठरवितात. ते गेले की हा अडसर निघतो. हनुवटी नाकाकडे सरकते. शिवाय हिरडीखालचे हाड झिजत जाते, खालच्या जबड्याचे तर वरच्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा दोन जबड्यांतील मूळचे अंतर दंतवैद्यास शोधावे लागते. तो नाकावर व हनुवटीवर ठिपका देतो आणि रुग्णास 'म' म्हणावयास लावतो. उच्चार संपून ओठ सैल मिटले की जबडा विसाव्यास येतो. ते अंतर मोजून त्यातून 2 ते 4 मिलिमीटर वजा करावयाचे. विसाव्याच्या वेळी दातांत तेवढी फट हवीच. ओष्ठ्य वर्णाचा असा उपयोग पाणिनीच्या स्वप्नातही आला नसेल! पुढे दंत्य 'स'चीही परीक्षा होते. तो उच्चारताना दात एकमेकांवर आपटले, तर कवळी उंच झाली असे समजावे.

उंच कवळीने हिरड्या ठणकतात, जबड्याचे स्नायू शिणतात. ठेंगणी झाली तर ओठांचे कोपरे दुमडून तेथे चिरा पडतात आणि चावण्यातला जोर जातो. अशी कवळी डबीत पडून राहते, आजोबा भुट्ट्याच्या किसावर दिवस काढतात, आणि घरचे म्हणतात, "वयच झाले आता."

जबड्याचे दोन सांधे व खालच्या पुढील दातांचा मध्य जोडल्यास 4 इंचांचा समभुज त्रिकोण होतो, असे बॉनविल या अमेरिकन दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात मांडले. परंतु सरासरीचा त्रिकोण प्रत्येकाच्या जबड्यास कसा लागू पडावा? म्हणून 1899 मध्ये स्नो यांनी आणलेल्या धनुष्याकृती साधनाने ज्याचे माप त्याच्याच चेहऱ्यावर घेण्याची सोय झाली. हाडात स्क्रू रोवून दात बसवावयाचे असल्यास आज त्रिमिती क्ष-किरण चित्रावर हाडाची उंची मोजतात आणि खालच्या जबड्यातील नसेपासून निदान 2 मिलिमीटर अंतर राखतात.

मापासाठी एखादा हेलपाटा अधिक पडला तरी वाचकांनी कुरकुर करू नये. उरलेले दात काढण्यापूर्वीच हे अंतर नोंदवून घेण्याची विनंती दंतवैद्यास करावी. दात आधीच गेले असतील, तर ते शाबूत असतानाचा समोरून काढलेला एखादा फोटो ट्रंकेतून शोधून बरोबर न्यावा. आणि जुनी कवळी असल्यास तीही, तुटकी असली तरी.