श्वासाची नोंद ठेवा : तारापूर औद्योगिक क्षेत्रातील रहिवासी व कामगारांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण व जिल्हा संकट गट

विषय : तारापूर एमआयडीसी परिसरात हवेतून श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या रसायनांमुळे कामगार व ग्रामस्थांच्या फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांची तपासणी, नोंद व उपचार यांबाबत.

महोदय,

आम्ही बोईसर, सरावली, पास्थळ, कुंभवली, कोळवडे, पाम, सालवड आणि नवापूर-आलेवाडी किनाऱ्यावरील गावांचे रहिवासी तसेच तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारे कायम व कंत्राटी कामगार हे निवेदन सादर करीत आहोत. कारखाने बंद करा, अशी मागणी यात कुठेही नाही. आमच्यातल्या बहुतेक घरांची चूल याच वसाहतीवर पेटते. आमचे मागणे आहे ते मोजमापाचे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूरला 93.69 गुण देऊन देशात पहिला क्रमांक दिला. 70 च्या वर गेलेले क्षेत्र 'अतिप्रदूषित' मानले जाते. त्यापूर्वीच, 2016 मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाकडे नेला होता. पाण्याविषयी निदान भांडण झाले, कागद हलले. हवेचे तसे झाले नाही. खाडीतला मेलेला मासा टोपलीत घालून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येतो, छातीतली घरघर ठेवता येत नाही.

स्फोट आणि वायुगळतीच्या बातम्या आपल्यासमोर आहेतच. 8 मार्च 2018 च्या रात्रीच्या स्फोटात तिघे गेले. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोळवडे परिसरातल्या स्फोटात अनेकांचा बळी गेला. 21 ऑगस्ट 2025 रोजी वायुगळतीत चार कामगार दगावले. मृतांची मोजणी होते, पंचनामा होतो, मदत जाहीर होते. त्याच वेळी ज्यांनी तो वायू ओढला आणि जे वाचले, त्यांची यादी आम्ही आजवर पाहिलेली नाही. सलाईन आणि नेब्युलायझर लावून रात्री घरी पाठवलेला माणूस वर्षभराने जिना चढताना थांबतो, तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही. आणि रोजच्या पाळीत थोडे थोडे ओढले जाते ते तर अपघातातही धरले जात नाही.

हवेत तरंगणाऱ्या रसायनाच्या कणांचे आणि थेंबांचे काय होते, हे थोडक्यात मांडणे आवश्यक आहे, कारण पुढच्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाका-घशात अडकतात. अडीच मायक्रॉनखालचे कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. अमोनिया, हायड्रोक्लोरिक आम्ल, सल्फर डायऑक्साइड हे पाण्यात चटकन विरघळणारे वायू डोळे आणि घसा जाळतात, म्हणून माणूस निदान पळतो. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड तितके विरघळत नाहीत. ते फारसा त्रास न देता खोल जातात आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरते. ओलियम, म्हणजे अतितीव्र गंधकाम्ल, हवेत उघडे पडले की गंधकाम्लाचे धुके तयार होते. 4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत ओलियमचीच गळती झाली आणि त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांच्या संपूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. गंधकाम्लयुक्त तीव्र आम्लांच्या धुक्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1992 मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे.

आपल्या वसाहतीत याहून साधी दिसणारी, पण चिवट गोष्ट म्हणजे भुकटी. कापडाला लागणारे रिऍक्टिव्ह रंग आणि काही प्रतिजैविके यांची पूड नाकात जात राहिली की काही कामगारांच्या श्वासनलिका त्या पदार्थाला कायमच्या 'चिडतात'. ड्रायर उघडताना, ड्रम भरताना, पल्व्हरायझरजवळ तोंडाला फडके बांधून उभ्या असलेल्या हेल्परला सुरुवातीला फक्त शिंका येतात. मग रात्रीचा खोकला. पुढे पुढे त्या पदार्थाचा अगदी थोडा अंश पुरतो. हा व्यवसायजन्य दमा आहे, आणि लवकर ओळखून कामाची जागा बदलली तर तो पुष्कळ आटोक्यात येतो. उशीर झाला तर नोकरी सोडूनही पाठ सोडत नाही. गावातल्या दवाखान्यात मात्र त्याला 'ऍलर्जी' म्हणतात, गोळ्या देतात आणि तो पुन्हा त्याच ड्रायरवर जातो.

तक्रार केली की आम्हाला हवा गुणवत्ता निर्देशांक दाखवला जातो. तो आकडा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तो आठच घटकांवर निघतो : दोन प्रकारचे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. क्लोरीन, हायड्रोक्लोरिक आम्लाचे धुके, हायड्रोजन सल्फाइड, द्रावकांची वाफ यांतले काहीही त्यात नाही. म्हणजे डोळ्यांतून पाणी येत असताना मोबाइलवर हवा 'समाधानकारक' दिसू शकते, आणि यात यंत्राचा काही दोष नाही. शिवाय वाऱ्याची दिशा पाहावी लागते. दिवसा खारे वारे धूर बोईसरच्या दाट वस्तीकडे ढकलतात, रात्री मतलई वारे तोच किनाऱ्यावरच्या गावांकडे नेतात. थंडीत पहाटे हवा खाली बसते तेव्हा वास घरात शिरून राहतो. चोवीस तासांची सरासरी काढली की पहाटेचा तो एक तास तिच्यात विरून जातो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असला तरी, कामावर घेतानाच फुप्फुस-क्षमता चाचणी व्हावी, दर वर्षी व्हावी, आणि तिचा कागद त्याच्या हातात मिळावा. सुरुवातीची चाचणी का, हे नीट सांगतो. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा अपेक्षित प्रमाणाच्या 80 टक्क्यांच्या वर असली की अहवालावर सर्वसाधारणपणे 'नॉर्मल' लिहिले जाते. जव्हार-विक्रमगडहून आलेल्या तरण्याताठ्या पोराची क्षमता मुळात 110 टक्के असेल आणि पाच वर्षांत तिचा चौथा हिस्सा गेला, तरी तो 82 टक्क्यांवर येतो आणि 'नॉर्मल'च ठरतो. निरोगी माणसाचीही ही क्षमता तिशीनंतर वर्षाला साधारण 25 ते 30 मिलिलिटरने घटते. त्याहून किती जास्त घटली हे पहिला आकडा नसेल तर कळणारच नाही. उद्या भरपाईसाठी आमच्याकडे पुरावा मागितला जाईल, आणि तो पुरावा तयार करण्याचे यंत्र आमच्याकडे कधीच नव्हते. चाचणी कशी व्हावी हेही नमूद करतो. तीन चांगल्या फुंकरा घेतल्याशिवाय तिला अर्थ नसतो आणि यंत्र तीन लिटरच्या सिरिंजने तपासून घ्यावे लागते. शिबिरात रांग लावून एक फुंकर घ्यायची आणि शिक्का मारायचा, अशी तपासणी आम्हाला नको. ज्याला कामावर दम लागतो आणि सुटीला बरे वाटते, त्याला स्वस्तातला पीक-फ्लो मीटर देऊन किमान दोन आठवडे, दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुटीच्या दिवशी नोंदी घ्यायला लावाव्यात. निदान त्यातूनच होते.

कारखाने अधिनियम, 1948 मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 ला, घातलेल्या कलम 41-क ने कामगाराच्या आरोग्याची अद्ययावत नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे बंधनकारक केले. कलम 41-ब ने कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या जनतेलाही देण्याचे कर्तव्य घातले. म्हणजे आम्ही नवे काही मागत नाही. 1987 ला देऊ केलेले मागतो आहोत.

दुसरी मागणी आजाराच्या नोंदीची. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नायट्रस धूर, हॅलोजन, फॉस्जीन व आयसोसायनेट यांची विषबाधा आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस यांचा समावेश होता आणि असे रुग्ण कळवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या डॉक्टरवरही होती. व्यवसायजन्य दमा त्या अनुसूचीत नव्हता, कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या अनुसूचीत मात्र होता. एका कायद्याने भरपाईयोग्य, दुसऱ्याने कळवण्याची गरज नाही, अशा फटीत आमचा रुग्ण अडकत आला आहे. ही फट भरेपर्यंत जिल्हा शल्यचिकित्सकांनी बोईसर-पालघरमधील सर्व सरकारी व खासगी डॉक्टरांना एक साधा तक्ता द्यावा : रुग्ण कुठे काम करतो, काय हाताळतो, सुटीला बरे वाटते का. खोकल्याच्या रुग्णाची क्षयासाठी तपासणी व्हावीच, पण तेवढ्यावर थांबू नये.

हवेसाठी : वसाहतीच्या सीमेवर आणि किनाऱ्याच्या बाजूला क्लोरीन, आम्लधुके, हायड्रोजन सल्फाइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे सतत मोजमाप करणारी यंत्रे बसवावीत, त्यांचे तासागणिक आकडे जाहीर व्हावेत. मध्यरात्रीनंतर आलेल्या तक्रारीवर पथकाने त्याच रात्री नमुना घ्यावा. सकाळी अकराला घेतलेला नमुना रात्रीच्या वासाबद्दल काही सांगत नाही. कारखान्याचा वायू धुणारा स्क्रबर चालू होता की बंद, हे त्याच्या पंपाच्या वीजवापराच्या नोंदीवरून तपासता येते. ती नोंद मागवावी.

वायुगळतीनंतर श्वासावाटे रसायन गेलेल्या प्रत्येकाला किमान चोवीस तास निगराणीत ठेवावे, त्याचे नाव नोंदवहीत घ्यावे आणि तीन महिने, सहा महिने व वर्षाने पुन्हा चाचणी करावी. आज गंभीर रुग्णाला मुंबई, वलसाड किंवा सिल्वासाकडे पळवावे लागते. बोईसरमध्ये ऑक्सिजन, व्हेंटिलेटर आणि रसायनबाधा ओळखणारे डॉक्टर असलेला कक्ष हवा. कोणत्या भूखंडात काय साठवले आहे ही यादी त्या कक्षाच्या भिंतीवर असली पाहिजे, कारण काय ओढले हे माहीत नसेल तर उपचार अंदाजाने होतात.

असे मोजमाप केल्याने काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. माहुल, आंबापाडा परिसरात केईएम रुग्णालयाच्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने 2013 मध्ये रहिवाशांची पाहणी केली. डिसेंबर 2015 मध्ये हरित लवादाने तेथील प्रदूषणाने आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले, आणि 2020 मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई आकारण्याचा आदेश दिला. तशी पाहणी तारापूरसाठी केईएमकडून किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेकडून करून घ्यावी. ही संस्था आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पाहणीत किनाऱ्यावरची गावे, शाळकरी मुले आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार यांना वगळू नये. मतदार यादीवरून नमुना काढला तर हे शेवटचे गळतील, म्हणून तो खोल्यांवरून काढावा.

रासायनिक अपघातांबाबतच्या 1996 च्या नियमांनुसार जिल्हा संकट गटाचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे. त्या गटाची पुढील बैठक बोईसर येथे घ्यावी, तिला आमच्यापैकी दोन कामगार, एक महिला ग्रामस्थ व एक मच्छीमार प्रतिनिधी यांना बोलवावे, आणि वरील प्रत्येक मागणीवर कोणता विभाग, कोणत्या तारखेपर्यंत काय करणार हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
बोईसर-तारापूर परिसरातील ग्रामस्थ व कामगार
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, जिल्हा शल्यचिकित्सक, पालघर.