फी माफ झाली, वेळेचं काय?

परवा वणीच्या बाजारात साडी घ्यायला गेले. साड्या दाखवणाऱ्या मुलीच्या हाताशी अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत दुकानात उभं राहायचं, घरी गेल्यावर पोळ्या. म्हणाली, "काकू, पुस्तक उघडलं का झोपच येते. कॉलेज सोडूनच द्यावं म्हणते."

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींना राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच झालं. पण साधं बी.ए. करणाऱ्या या मुलीला कमी पडतो तो वेळ, आणि तो कुठल्याच योजनेत मिळत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, तेव्हा काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. आता मालक वेगळा, कॉलेज वेगळं, आणि ओढाताण मुलीची!

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच दार उघडं ठेवून आहे. आणि नव्या शैक्षणिक धोरणात ठरलेले श्रेयांक पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर थांबलं, तर प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परतही येता येतं. सोडण्याआधी कॉलेजात एवढं विचारून घ्यावं.

बाकीचं आपल्या हातात आहे. मालकाने परीक्षेपुरती सुट्टी द्यावी. आणि मैत्रिणींनो, त्या दिवसांत पोळ्या भावाने लाटल्या तर बिघडलं कुठं?