मेसेज कोणाच्या खिशात येतो?

गेल्या जूनच्या शेवटी आठवीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. वह्या-पुस्तकांचे पैसे महिनाभर थांबता येतील का, एवढेच विचारायचे होते. मी हो म्हटले, तरी ती उठेना. मग हळूहळू सगळे सांगितले. तिचा भाऊ, म्हणजे मुलीचे मामू, सावनेर तालुक्यात चार एकर शेत मक्त्याने करतात. त्यात यांच्या घरचेही थोडे पैसे असतात. मृगाचा पहिला पाऊस बरा झाला म्हणून मामूंनी सरकी टोबली. नंतर नऊ-दहा दिवस आभाळ कोरडेच राहिले आणि अर्धे अंकुर जळाले. आता दुबार पेरणी. एकराला दोन पाकिटे बियाणे, पाकीट नऊशेच्या घरात, वर पुन्हा मजुरी. "पानी का किसको मालूम रैता, आपा?" असे म्हणून ती गेली.

पण माहीत होते. हे मला पुढच्या महिन्यात कळले, तिच्याच तोंडून. दुबार पेरणीचे सांगायला मामू शेतमालकाकडे गेले. मालक नागपुरात राहतात. त्यांनी खिशातला फोन काढून दाखवला. पाच दिवस पावसाची शक्यता कमी, पेरणीची घाई करू नये, असा मेसेज त्यात पडला होता. मालकाने लपवले असे मी म्हणणार नाही. दिवसाला पन्नास मेसेज येतात, त्यात हाही एक. सातबारा त्यांचा म्हणून नाव त्यांचे, नाव त्यांचे म्हणून नंबर त्यांचा. शेतात मात्र मामू होते.

वाचक भगिनींनो, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे. आपल्या शहरात शेतीच्या ज्ञानाची काय कमी आहे? वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून उभी आहे. देशभरातल्या मातीचे नकाशे करणारी संस्था अमरावती रोडवर आहे. संत्र्यासाठी वेगळी संशोधन संस्था आहे. सोनेगावला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खाते आणि कृषी विद्यापीठे मिळून जिल्ह्याजिल्ह्याचा कृषी सल्ला काढतात. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, वारा आणि तापमान असते, आणि त्यानुसार पेरावे की थांबावे, फवारावे की नाही, तेही लिहिलेले असते. कापूस संस्थेने तर ‘ई-कपास’ नावाने शेतकऱ्यांच्या फोनवर त्यांच्या भाषेत बोलके संदेश पाठवले, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ऐकता यावे. विहीर भरलेली आहे. दोर अपुरा पडतो.

आणि हे ज्ञान नागपुरातून किती दूर जाते, तेही सांगते. आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांसाठी भारत सरकारने 2012 च्या सुमारास एक मदत कार्यक्रम सुरू केला. बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड, युगांडा, मलावी, नायजेरिया हे देश त्यात होते. रुई वेगळी करण्याचे, म्हणजे जिनिंगचे, प्रशिक्षण घ्यायला तिकडचे लोक आपल्या नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात आले. नागपुरात बनलेली जिनिंगची यंत्रे आफ्रिकेत जातात. माली आणि बुर्किना फासोत आपल्यासारखीच कलमा पढणारी माणसे बहुसंख्य आहेत, आणि आपल्यासारखीच पावसाकडे डोळे लावून बसतात. नागपूरचे शिक्षण तिथे पोहोचते, आणि सावनेर तर तासाभराच्या अंतरावर आहे.

पण फक्त आपणच त्यांना शिकवावे असे नाही. बुर्किना फासोच्या उत्तरेला वाहिगुया नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या गुर्गा गावात याकूबा सावादोगो नावाचे शेतकरी राहत. लहानपणी त्यांना मालीतल्या एका मदरशात पाठवले होते. लिहिण्या-वाचण्यात त्यांची फार प्रगती झाली नाही. पुढे दुकान थाटले. 1980 च्या आसपास तिकडे दुष्काळ पडला, माणसे गावे सोडून चालली, तेव्हा हा माणूस दुकान सोडून शेतात परत आला. जमीन उन्हाने भाजून तव्यासारखी कडक झालेली. पाऊस पडला तरी पाणी वरून वाहून जायचे.

त्यांच्या भागात खड्डे करून पेरण्याची जुनी रीत होती. तिला ‘झाई’ म्हणतात. याकूबांनी खड्डे थोडे मोठे केले आणि उन्हाळ्यातच, पावसाच्या आधी, खणायला सुरुवात केली. वीतभर खोल, वीत-दीड वीत रुंद. प्रत्येकात शेणखत आणि पालापाचोळा. या खतामागे वाळवी येते. आपण वाळवी दिसली की औषध शोधतो, पण इथे ती कडक जमिनीत बारीक बोगदे पाडते आणि त्यातून पावसाचे पाणी आत मुरते. एक जीव फुकटात नांगरट करून देतो, म्हणा ना. जोडीला उताराला आडवे दगडांचे बांध. त्या खड्ड्यांत बाजरी-ज्वारी आली, आणि खतातून आलेल्या बियांची झाडेही उगवली. ती त्यांनी उपटली नाहीत. पुढे तिथे पंचवीस-तीस नव्हे, साठहून अधिक जातींच्या झाडांचे जंगल उभे राहिले.

सुरुवातीला लोकांनी त्यांना वेडा ठरवले. उन्हाळ्यात खड्डे खणतो, ही काय रीत? त्यांच्या शेताला कोणी आगही लावली. मला या गोष्टीत त्यापुढचा भाग फार आवडतो. जमीन सुधारली तेव्हा याकूबांनी दार बंद केले नाही. आपल्या शेतावर त्यांनी बाजार भरवायला सुरुवात केली. आसपासच्या अनेक गावांतले शेतकरी आपापले बियाणे घेऊन यायचे, एकमेकांना दाखवायचे, देवाणघेवाण करायचे आणि याकूबांचे खड्डे डोळ्यांनी पाहून जायचे. फोन नव्हता, छापील पत्रक नव्हते. 2018 साली त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा जागतिक पुरस्कार मिळाला. डिसेंबर 2023 मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांची रीत आज साहेलच्या अनेक देशांत वापरली जाते.

तिथे ज्ञान पोहोचले, कारण ते शेतात काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते, मालकाच्या खिशात नव्हते.

आपल्याकडे उलटे झाले तर काय होते, ते विदर्भाने 2017 मध्ये पाहिले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. बीटी कपाशीला ही अळी जुमानत नाही, हे शास्त्रज्ञ त्याआधीपासून सांगत होते. पीक डिसेंबर-जानेवारीत संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, कामगंध सापळे लावा, फुलांत डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा, हा सल्ला ठरलेला होता. पण ज्याच्याकडे एक ओलित शिल्लक आहे, त्याला फरदडीचे चार पैसे सोडा म्हणणे सोपे नाही. हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येक वेळी अडाणीपणाच नडतो असे नाही, कधी गरज नडते.

त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पोहोचली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीची झाली होती. औषधे एकात एक मिसळून, तोंडाला काही न बांधता, दमट उन्हात फवारली गेली. गेलेल्यांत रोजाने फवारणी करणारे मजूर बरेच होते. डबीवरचे कागद त्यांनी पाहिले तरी असतील का? त्या घडीच्या पत्रकावर इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की माझ्या चष्म्यालाही जमत नाही.

निदान डबीवरचा तिकोन तरी घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. चौकोन आडवा-तिरपा ठेवलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. पिवळा म्हणजे त्याखालोखाल. मग निळा. हिरव्याचे विष सर्वांत कमी, पण तेही विषच. मी हे वर्गात फळ्यावर काढले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आपा, हमारे घर में लाल वाले डब्बे में शक्कर रखते." त्याच्या घरी मी त्याच दिवशी निरोप पाठवला. रिकामी डबी कितीही धुतली तरी वापरू नये, फोडून पुरावी.

हवामानाच्या भाषेचेही असेच आहे. "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस" असे ऐकले की आपण समजतो, थोडा थोडा पाऊस सगळीकडे येणार. तसे नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक ठिकाणांपैकी फार तर चौथ्या हिश्शात पाऊस. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ठिकाणी कोरडे राहू शकते. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्मे, अनेक ठिकाणी म्हणजे निम्मे ते पाऊण, आणि बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त. तुरळक ऐकून मामू टोबायला निघाले असते तर मी त्यांना थांबवले असते. कृषी खाते तर दरवर्षी सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमीन ओली झाल्याशिवाय कपाशी पेरू नका.

मदीनेतली एक घटना आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिथले लोक खजुराच्या झाडांना हाताने परागकण लावत. प्रेषित (स.) यांनी ते पाहिले आणि याची गरज नसावी असे मत दिले. लोकांनी ते काम सोडले, त्या वर्षी फळ कमी आले. हे कळल्यावर आपल्या दुनियेच्या कामातले तुम्हीच अधिक जाणता, अशा अर्थाचे ते बोलले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. हाताने काम करणाऱ्याच्या जाणतेपणाला एवढा मान आणखी कुठे दिला गेला? आणि आज त्याच हाताला साधा मेसेज पोहोचत नाही.

त्यातही बायकांचे हात. कापूस वेचतात बहुतेक बायका. निंदण त्यांचे, बियाणे निवडणे-जपणे त्यांचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्यांना मेसेज कळतो तो घरातल्या पुरुषाला आठवण राहिली तर.

आमच्या वर्गाने यंदा एक छोटे काम सुरू केले. सल्ला शुक्रवारी येतो आणि शुक्रवारी जुमा असतो. मुले फोनवर नागपूर जिल्ह्याचा सल्ला उघडतात, त्यातले कामाचे पाच-सहा मुद्दे निवडतात आणि एका कागदावर मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहितात. सापेक्ष आर्द्रतेला नमी, पर्जन्यमानाला बारिश. कागदाच्या प्रती गावाकडे नातेवाईक असलेल्या मुलांबरोबर जातात. एका मशिदीच्या कमिटीने बाहेरच्या फलकावर लावायला परवानगी दिली. एका बुजुर्गांनी हरकत घेतली की मशिदीत दुनियेच्या गोष्टी कशाला. मी वाद घातला नाही. फलक दाराबाहेरच आहे म्हटले. बायकांपर्यंत मात्र मशिदीचा फलक जात नाही, म्हणून दोन मुली बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवतात.

तुम्हालाही जमण्यासारखे आहे. ‘मेघदूत’ ॲपला सातबारा लागत नाही. भाषा आणि जिल्हा निवडला की सल्ला दिसतो. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलता येते. बाईने फोन केला तरी चालतो. हे मुद्दाम लिहिते, कारण मुलीच्या अम्मीने मला तेच विचारले होते.

मागच्या शुक्रवारी फलकावरून कागद काढताना खाली पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेले दिसले: मक्त्याच्या शेताला पीक विमा मिळतो का? नियमात मक्तेदाराला जागा आहे, पण मालकाशी लेखी करार लागतो. मामूंचा व्यवहार तोंडी आहे, त्यांच्यासारख्या बहुतेकांचा असतोच. अशांनी काय करायचे, ते मी तालुक्याच्या कृषी सहाय्यकांना विचारून ठेवले आहे. उत्तर आले की पुढच्या अंकात लिहीन.