मागचा दांडा आणि मागचा पहारेकरी

पालघर, बोईसर व तारापूर या बाजूच्या घरांचें रूप गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळच पालटलें आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रांतून १९६९ सालीं वीज मिळूं लागली, पुढें बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत वाढली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळांत नोकरीव्यवसायानिमित्त तेथें स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांच्या अंगणांत, जेथें पूर्वी सायकली टेकविलेल्या असत, तेथें आतां मोटार उभी असते. त्याच अंगणांत सकाळीं नातवंडें खेळतात, दुपारीं पापड वाळत असतात, आणि संध्याकाळीं वृद्ध मंडळी खुर्ची टाकून बसतात. अशा अंगणांतून मोटार मागें घेणें हें कसबाचें तितकेंच जोखमीचें काम आहे. म्हणून मोटारीच्या पाठीमागें हौसेनें बसविण्यांत येणाऱ्या एका लोखंडी दांड्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या दांड्यास टो बार म्हणतात. दुसरें वाहन किंवा गाडा ओढण्यासाठीं तो मोटारीच्या सांगाड्यास जोडतात, व त्याच्या टोंकास लिंबाएवढा पोलादी गोळा असतो. युरोपांत सुटीच्या दिवसांत फिरतें घर किंवा लहानशी होडी मोटारीमागें जोडून नेण्याची चाल आहे; तेथें हा दांडा खरोखरच कामास येतो. आपल्याकडे मोटारीमागें गाडा जोडणारीं कुटुंबें फार थोडीं. तरीहि दांडा पुष्कळांना हवासा वाटतो. कोणी म्हणतो, मागून कोणी धडकलें तर बंपर वांचेल. कोणी म्हणतो, केळव्याच्या किंवा चिंचणीच्या वाळूंत चाक रुतलें तर गाडी ओढून काढण्यास बरा. कोणास तो नुसता दिसण्यांतच रुबाबदार वाटतो. हे हेतु समजण्यासारखे आहेत. परंतु हा दांडा ज्या जागीं येतो, तेथें मोटारीचा दुसरा एक रक्षक आधींपासूनच बसलेला असतो, आणि या दोघांचें एकमेकांशीं जमत नाहीं.

तो रक्षक म्हणजे मागच्या बंपरांतील पार्किंग सेन्सर. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशांत तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींस ते सक्तीचे झाले आहेत. रुपयाएवढ्या वाटोळ्या बुंदक्यांसारखे ते दोन ते चार ठिकाणीं बसविलेले दिसतात. त्यांचें काम कसें चालतें हें समजून घेतल्यावांचून दांड्याचा उपद्रव ध्यानांत येणार नाहीं.

कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हा गुण पिएर व झाक क्युरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविला. उलटपक्षीं, अशा पदार्थास वीज दिली असतां तो थरथरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें याच गुणाच्या आधारें पाण्याखालील पाणबुडीचा ठाव प्रतिध्वनीनें घेण्याची युक्ति सिद्ध केली. मोटारीचा सेन्सर हें त्या युक्तीचेंच घरगुती रूप होय. त्यांतील चकती सेकंदास सुमारें ४० ते ५० हजार वेळां थरथरते. मनुष्याच्या कानास २० हजारांपलीकडचें ऐकूं येत नाहीं, म्हणून हा आवाज आपणांस कळत नाहीं. निसर्गांत ही विद्या जुनीच आहे. घोलवडच्या चिकूच्या बागांत फळें खाण्यास येणारीं मोठीं वटवाघुळें डोळ्यांवर व वासावर चालतात. परंतु जुन्या देवळांत लटकणारीं लहान, किडे टिपणारीं वटवाघुळें अशाच प्रतिध्वनीवरून अंधारांत वाट काढतात.

हवेंत आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. मागें एक मीटरवर भिंत असेल तर जाऊन परत येण्यास सेकंदाचा सुमारें एकशें सत्तरावा भाग लागतो. तेवढ्या अवधीवरून यंत्र अंतर काढतें व शिटी वाजवितें. अंतर घटत जाईल तशा शिट्या जवळ जवळ येतात, आणि सामान्यतः ३० सेंटिमीटरच्या सुमारास शिटी अखंड वाजूं लागते. तिचा अर्थ एवढाच कीं, आतां थांबा.

आतां त्या बुंदक्यांच्या खालीं किंवा पुढ्यांत वीतभर बाहेर आलेला दांडा बसविला, तर काय होईल? पहिली शक्यता अशी कीं, सेन्सरचा आवाज प्रथम त्या दांड्यावरच आदळून परत येईल. मागें मैदान मोकळें असलें तरी यंत्रास वाटेल कीं कांहींतरी अगदीं लगत उभें आहे. आणि मागचा गियर टाकतांच अखंड शिटी सुरू होईल. ती खरी कीं खोटी हें चालकास कळण्यास मार्ग राहात नाहीं.

दुसरी शक्यता याहून फसवी आहे. आवाज सोडल्यावर सेन्सरची चकती क्षणमात्र थरथरत राहाते. घंटेचा ठोका पडल्यावर तिचा नाद रेंगाळतो तसेंच हें. तेवढ्या क्षणांत आलेला प्रतिध्वनि तिला ओळखतां येत नाहीं. त्यामुळें बंपरालगतचे सुमारें वीस सेंटिमीटर हे बहुधा तिच्या दृष्टीनें आंधळेच असतात. दांडा या आंधळ्या पट्ट्यांत सांपडला तर शिटी वाजणार नाहीं, आणि मालकास वाटेल कीं सर्व कांहीं ठीक आहे. परंतु यंत्र अंतर मोजतें तें बंपरापासून, दांड्याच्या टोंकापासून नव्हे. समजा, दांडा २० सेंटिमीटर बाहेर आलेला आहे. भिंत ३० सेंटिमीटरवर आली म्हणून अखंड शिटी वाजेल, तेव्हां पोलादी गोळा आणि भिंत यांमध्यें अवघे १० सेंटिमीटर उरलेले असतील. भिंतीऐवजीं तेथें शेजाऱ्याच्या स्कूटरचा दिवा किंवा कोणाचा गुडघा असूं शकतो.

खोट्या शिटीचा परिणाम मात्र आम्हांस अधिक चिंतेचा वाटतो. रोज वाजणाऱ्या शिटीस कंटाळून कोणी गॅरेजमध्यें जाऊन सेन्सरची तारच काढून टाकतो. कोणी तार ठेवतो, परंतु शिटीकडे लक्ष देणें सोडतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांस सांगतों. येथें फरक एवढाच कीं, पहारेकऱ्यास खोटें बोलावयास आपणच भाग पाडलें आहे. ज्या दिवशीं चेंडूमागें धांवत नातू खरोखरच गाडीमागें येईल, त्या दिवशींहि शिटी तशीच वाजेल आणि तशीच दुर्लक्षिली जाईल. बंपरावरील ओरखडा वांचविण्यासाठीं हें मोल फार झालें.

ज्यांना गाडा ओढण्याची खरीच गरज आहे, त्यांच्यासाठीं उपाय आहेत. परदेशांत कारखान्यांतूनच दांडा बसवून येणाऱ्या कित्येक मोटारींत, गाड्याची विजेची जोडणी लावतांच मागचे सेन्सर आपोआप बंद होतात व ती काढतांच पुन्हां जागे होतात. कांहीं दांडे काम संपल्यावर काढून ठेवतां येतात, कांहीं बंपराखालीं वळवितां येतात. म्हणजे दांडा आणि सेन्सर यांनीं पाळीपाळीनें काम करावें, ही त्यामागील कल्पना.

ज्यांना केवळ रुतलेली गाडी ओढून काढण्याची सोय हवी, त्यांना कायमच्या दांड्याची गरजच नसते. बहुतेक नव्या मोटारींबरोबर एक आंकडा मिळतो. तो जॅक व पान्यांच्या सोबत ठेवलेला असतो, आणि बंपरावरील लहानसें झांकण काढून आंत फिरवून बसवितां येतो. काम झालें कीं तो पुन्हां जागच्या जागीं. पुष्कळ घरांत या आंकड्याची कोणास माहितीहि नसते. गाडीबरोबरचें पुस्तक काढून त्याची जागा घरांतील प्रत्येक चालकानें पाहून ठेवावी.

कायद्याची बाजूहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें कारखानदारानें दिलेल्या रचनेंत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. बुलबार व क्रॅश गार्ड यांविरुद्ध याच कलमाखालीं कारवाई करावी, असें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें. शिवाय सांगाड्यास जखडलेला दांडा बंपराच्या आधीं धक्का घेतो, म्हणून जो आघात बंपरानें सोसावयाचा तो थेट सांगाड्यावर जातो. बोईसरला कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळीं दाटीवाटीनें चालणाऱ्या दुचाकीस्वारांच्या नडग्यांना हें पुढें आलेलें पोलाद किती घातक ठरेल, तें सांगावयास नको.

ज्यांच्या गाडीस दांडा आधींच आहे, त्यांनीं एका रविवारीं पुढील परीक्षा करावी. गाडी सपाट मोकळ्या जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवावी व मागचा गियर टाकावा; स्वयंचलित गियरची गाडी असल्यास पाय ब्रेकवर दाबून धरावा. मागें कांहींहि नसतांना शिटी वाजली, तर दांडा सेन्सरच्या वाटेंत आहे. वाजली नाहीं, तर एक मोठें रिकामें खोकें काठीनें बाजूनें हळूहळू आंत सरकवावें, आणि शिटी अखंड होतांच दांड्याच्या टोंकापासून खोक्यापर्यंतचें अंतर टेपनें मोजावें. तें आंकडे घरांत गाडी चालविणाऱ्या सर्वांस सांगावेत. परीक्षा चालूं असतां मुलांस ओसरीवर बसवावें व गाडीच्या थेट मागें कोणीहि उभें राहूं नये. पावसाळ्यांत सेन्सरवर चिखल बसतो. तो ओल्या फडक्यानें पुसावा, मगच परीक्षा घ्यावी.

दांडा नसला तरी सेन्सर सर्वज्ञ नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. जमिनीलगत बसलेलें लहान मूल त्याच्या आवाजाच्या पट्ट्याखालीं राहूं शकतें. बारीक खांब त्यास चुकतो. मऊ कपड्यावरून प्रतिध्वनि क्षीण येतो. म्हणून गाडी मागें घेण्यापूर्वीं एका जाणत्या माणसानें बाजूस उभें राहून, घरांतील सर्व मुलें नजरेसमोर आहेत अशी खात्री करूनच हात दाखवावा. एकत्र कुटुंबांत असा एक माणूस नेहमीं मिळतो. आणि दांडा ठेवावयाचा कीं काढावयाचा, हा निर्णय ज्याच्या हातीं किल्ली आहे त्यानें एकट्यानें घेऊं नये. त्याच अंगणांत ज्यांचीं मुलें खेळतात व ज्यांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्या सर्वांनीं मिळून तो घ्यावा.