गाडीला कोणते पेट्रोल पाजावे?

मागच्या रविवारी वाणगावला आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे पाळ्या करून ते निवृत्त झाले. मुलगाही तिथेच एका केमिकल कारखान्यात लागला आहे. चहा घेत असता स्वयंपाकघराच्या दारामागे पाच लिटरचा एक पांढरा प्लास्टिकचा कॅन आमच्या नजरेस पडला. झाकण लावलेले होते तरी थिनरसारखा उग्र वास येत होता. चार हातांवर गॅसची शेगडी, आणि तिच्या बाजूलाच धाकटी नात भातुकली मांडून बसलेली. आम्ही वहिनींना विचारले, "हे काय?" तर म्हणाल्या, "भाऊ, ते गाडीचं औषध आहे. आम्ही त्याला हात लावायचा नाही, असं पोरानं बजावलंय."

गाडीचे औषध! आम्ही मुलाला हाक मारली. तो जरा ओशाळला, पण लपवालपवी केली नाही. "काका, टोल्युइन आहे. टाकीत थोडं ओतलं की ऑक्टेन वाढतं. कंपनीतल्या एकानं आणून दिलं."

हकीकत अशी. मुलाने पतपेढीचे कर्ज काढून वीस वर्षांची जुनी पेट्रोल गाडी घेतली. बहीण पालघरला नर्स आहे. तिची पाळी अवेळी सुटते तेव्हा लोकल नसते, म्हणून घरातल्या सगळ्यांनीच होकार दिला. गाडी चांगली होती. पुढे मित्रांच्या नादाने ती एका गॅरेजात 'ट्यून' करून घेतली. आमच्या वेळी ट्यूनिंग म्हणजे प्लग साफ करणे, पॉइंटचा गॅप बघणे आणि कार्बोरेटर धुणे एवढेच असे. हल्लीच्या मुलांचे ट्यूनिंग वेगळे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, टायमिंग पुढे घ्यायचे, जाडजूड सायलेन्सर लावायचा. गाडी सपाटीला पळू लागली खरी, परंतु पालघर-मनोर रस्त्यावरचा वाघोबा घाट चढताना, आत चार माणसे असली की, इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. त्या आवाजावर आधी दुकानातली ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतून झाली, आणि आता हा कॅन घरात आला.

हा आवाज म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण पिस्टन दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. परंतु दाब किंवा उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपले आपणच पेटते. तो धक्का पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. यालाच मिस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. हे फार दिवस चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते आणि इंजिन उतरवावे लागते. मग कर्जाच्या हप्त्यावर आणखी एक खर्च येऊन बसतो.

पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे या अवेळी पेटण्याला दाद न देण्याचे माप. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून हा अंक काढतात. ९१ अंकाचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिले आणि ९ भाग दुसरे अशा मिश्रणाइतके टिकणारे. ती काही पेट्रोलची ताकद नव्हे. सरळ चालणाऱ्या, कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीत किंवा मोटारसायकलीत शंभर अंकाचे पेट्रोल भरले म्हणून ती जोरात पळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने शंभर अंकाचे एक्सपी-१०० पेट्रोल बाजारात आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ते उंची कॉम्प्रेशनच्या महागड्या गाड्यांसाठी आहे. आमच्या कामगार बांधवांनी आपल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीत ते भरणे म्हणजे पैसे धुराड्यातून सोडणे होय.

मुलाचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाला जास्त अंकाचे पेट्रोल लागते, आणि टोल्युइनचा अंक साधारण १२० आहे. १९८८ साली होंडाच्या ज्या टर्बो इंजिनावर मॅक्लारेन संघाने फॉर्म्युला वन शर्यतीच्या सोळापैकी पंधरा फेऱ्या जिंकल्या, त्या इंजिनाच्या इंधनात ८४ टक्के टोल्युइन होते. मुलाने हे कुठेतरी वाचले होते. पण त्या इंजिनाची प्रत्येक नळी आणि तोटी त्याच इंधनासाठी घडवली होती, आणि ते इंधन कोणी स्वयंपाकघरात ठेवत नव्हते.

आम्ही त्याच्याकडून कागदावर हिशेब करून घेतला. टाकीत १९ लिटर ९५ अंकाचे पेट्रोल आणि एक लिटर टोल्युइन, तर सरासरी किती? जेमतेम सव्वा अंक वाढतो. पाच अंक वाढवायचे तर वीस लिटरमध्ये चार लिटर ओतावे लागेल. तो पेल्याने अंदाजे पाव लिटर ओतत होता! म्हणजे गाडीला काही मिळत नव्हते आणि घरात मात्र आग आणून ठेवलेली होती. टोल्युइनची वाफ चार-पाच अंश तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि वाणगावात थंडीच्या पहाटेही त्याहून अधिक उष्मा असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, म्हणजे नेमकी भातुकलीच्या उंचीवर. ती हुंगल्याने डोके दुखते, चक्कर येते, आणि सतत हुंगल्यास मेंदू व मज्जातंतूंवर परिणाम होतो. शिवाय कारखान्यातला माल गेटबाहेर नेताना सापडले तर नोकरी जाईल, पोलीस केस होईल. तीस वर्षे बापाच्या कार्डावर डाग नाही, आणि मुलगा पाच लिटरसाठी आपले नाव घालवणार?

बाटल्यांबद्दलही दोन शब्द. ऑक्टेन बूस्टरवर 'पाच पॉइंट वाढ' असे लिहिलेले असते. या धंद्यात पॉइंट म्हणजे बहुधा अंकाचा दहावा हिस्सा. पाच पॉइंट म्हणजे अर्धा अंक, तोही सांगितल्याप्रमाणे मात्रा घातली तर. काही बाटल्यांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगे असतात. त्यांचा थर प्लगवर आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून नॉकिंग थांबवले. तेही एक औषधच होते. ते शिसे जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरले. आपल्या देशात २००० साली ते बंद झाले आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. साफसफाईच्या बाटल्या वेगळ्या. त्यांतल्या चांगल्या द्रव्याने इंजेक्टरवरचा मळ निघतो, हे खरे. पण मळ असेल तरच! महागड्या पेट्रोलमध्ये असे द्रव्य मोजून घातलेले असते, त्यामुळे त्यावर पुन्हा बाटली ओतण्याचे कारण नाही.

आता साध्या पेट्रोलचे. २०२५ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा असल्यामुळे साधे पेट्रोलही ९१ वरून ९५ वर गेले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगितले. म्हणजे नॉकिंगपुरते पाहिले तर साधे आणि ९५ अंकाचे महाग पेट्रोल यांतले अंतर फार उरलेले नाही. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचे तीन-चार टक्के घटेल असे म्हटले होते. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि वायसर यांना इथेनॉल मानवत नाही. शिवाय ते पाणी ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीचे झाकण नीट बसते की नाही, ते जरूर बघावे.

गाडी एकाएकी नॉक करू लागली तर भेसळीचीही शंका घ्यावी. एके काळी रेशनचे रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याचा मोठा धंदा होता. रॉकेलचा अंक फारच कमी. याच भेसळीला हात घातला म्हणून २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. तेव्हा पंपावर तपासणी मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. फिल्टर पेपर मागा, त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. दोन मिनिटांत डाग न राहता उडाला तर ठीक, काळपट डाग राहिला तर संशय घ्या. घनता मोजून मागा. माप कमी वाटले तर पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागा. हे सर्व फुकट आहे आणि तो आपला हक्क आहे. अर्थात अंक किती आहे, हे फिल्टर पेपर सांगत नाही.

दुपारी आम्ही तिघे ती गाडी घेऊन बोईसरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून दहा मिनिटे नुसते ऐकले. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता! इंजिन तापत होते, आणि तापलेले इंजिन नॉक करणारच. प्लगही चुकीच्या नंबरचे होते. त्यांनी पंख्याचा स्विच बदलला, कंपनीने सांगितलेले प्लग घातले आणि पुढे घेतलेले टायमिंग मागे आणले. "हेड घासलंय ते काय परत भरून येत नाय," ते म्हणाले. "घाटात खालच्या गिअरमध्ये घे. अगदी गरज वाटली तर लांबच्या फेरीला ९५ चं महाग पेट्रोल भर. बाटल्या बंद."

परत येताना मुलाला कायद्याचेही सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. वडील पुढच्या सीटवर बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "तो कॅन आज रात्री घरात नको."

कॅन त्याच संध्याकाळी, ज्याने दिला त्याच्या ताब्यात परत गेला. परवा मुलाचा फोन आला होता. बहिणीला घेऊन तो वाघोबा घाट चढला. आवाज नाही. मायलेज मात्र पूर्वीपेक्षा लिटरमागे एक किलोमीटरने कमीच पडते म्हणाला, आणि त्यावर आमच्याकडे काही इलाज नाही.