मोजून दिलेली पाने

शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, पुण्यामुंबईच्या घरोघर ओवाळणीची तबके सजत असतील त्या सुमारास, ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या, मधुमेहाने शरीर खंगलेल्या आणि पन्नाशी उलटलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतले. आणि त्याच वर्षीच्या फाल्गुन अमावास्येपर्यंत, म्हणजे १९१०-११ च्या एका हिवाळ्यात, त्या प्रचंड ग्रंथाचा पहिला खर्डा पुरा केला. त्यासाठी त्यांना सुटे कागद मिळत नसत. बांधीव वह्या मिळत, त्याही पाने मोजून व पानांवर आकडे घालून. शाईची मुभा नव्हती, पेन्सिली मिळत, त्या तासून दिलेल्या. पुस्तके किती जवळ ठेवावीत यावरही आरंभी निर्बंध होता, आणि तो सैल व्हावा म्हणून अर्ज करावे लागले.

हा बंदोबस्त क्षुद्र होता, पण तो करणारे मूर्ख नव्हते. ज्या सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर कायदा बसविला, ज्याने १९१० साली वृत्तपत्रांसाठी नवा कायदा आणला आणि त्याच वर्षी खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे प्रयोग बंद पाडले, त्या सरकारला हे पक्के उमगले होते की कैद्याचे अन्न, निद्रा, भेटी, पत्रे या सर्वांची नोंद दप्तरी ठेवता येते, परंतु त्याच्या हातून उद्या कोणते वाक्य उतरेल याची नोंद आज करता येत नाही. निर्मितीचे मर्म नेमके येथे आहे. जे अजून नाही ते अस्तित्वात आणणारा मनुष्य, त्या क्षणापुरता का होईना, कोणाच्याही हुकमाबाहेर गेलेला असतो. सुटकेच्या वेळी सरकारने त्या वह्या ठेवून घेतल्या आणि नंतर परत केल्या. त्या परत न मिळाल्या तर ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहीन, असा टिळकांचा निर्धार होता, अशी आठवण सांगतात. १९१५ साली पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यातून ग्रंथ बाहेर पडला. कर्मयोगाचे हे विवरण अशा पुरुषाने लिहिले, ज्याला लेखनाखेरीज दुसरे कोणतेही सार्वजनिक कर्म करण्याची मोकळीक उरली नव्हती, ही गोष्ट मला त्या ग्रंथातील कित्येक युक्तिवादांहून अधिक बोलकी वाटते.

आधी स्वातंत्र्य लाभावे आणि मग त्याच्या सावलीत निर्मिती बहरावी, असा क्रम आपण सहसा मनात धरतो. पण १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, तेव्हा हा क्रम उलटा झालेला दिसतो. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, तेव्हाही तो उलटाच होता. त्या माणसांनी स्वातंत्र्य मागितले खरे, पण मागण्याबरोबरच ते वापरलेही.

तथापि यावरून तुरुंगाची स्तुती करण्याचा मोह आपल्याला अनावर होतो, आणि तो मला घातक वाटतो. १९१२ साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या तेव्हा टिळक मंडालेत होते. कोणत्याही ग्रंथाने त्याची भरपाई होत नाही. शिवाय तुरुंगातून जे बाहेर आले तेवढेच आपल्याला ठाऊक असते. कागद, पुस्तक किंवा अक्षरओळख नसल्यामुळे जे उमटलेच नाही, त्याचा जमाखर्च कोण मांडणार?

याच साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या, हे मला त्यांच्या तुरुंगातील लेखनाइतकेच मोलाचे वाटते. पहाटेच्या अंधारात, घर जागे होण्यापूर्वी, हात जात्याच्या खुंट्याला गुंतलेला, पाठ दुखणारी, आणि तोंडी माहेर, भाऊराया, सीतेचा वनवास, पंढरीची वाट. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. जिला अंगणाबाहेर जाण्यास परवानगी लागे, ती सासूचा जाच, नवऱ्याची बेपर्वाई, लेकीच्या जन्माचे दुःख, हे सर्व जात्याच्या घरघरीत बोलून घेई, आणि तिचे ते बोलणे गाणे ठरल्यामुळे कोणी अडवीत नसे. नंतर पिठाच्या गिरण्या आल्या आणि ते कष्ट सरले. ते सरले हे उत्तमच झाले. ज्याने जाते कधी ओढले नाही त्याने त्यासाठी उसासे टाकू नयेत. पण जात्याबरोबर तिची ती बिनचौकशीची घटकाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी घटका तिला कोणी दिली नाही. श्रमातून सुटका आणि स्वतःचा असा वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची तजवीज आपण केली, दुसरी विसरलो.

कायद्याच्या बाजूने आपली स्थिती पुष्कळ सुधारली. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने घातलेली बंदी कमलाकर सारंग यांनी न्यायालयात लढून उठविली, त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली. परंतु आज लेखकाच्या वहीवर आकडे घालणारा पहारेकरी पुष्कळदा बाहेर नसतो. कोणाच्या भावना दुखावतील, कोण मोर्चा आणील, कोण वर्गणी बंद करील, याचा अदमास घेऊन लेखक वाक्य लिहिण्याआधीच खोडतो, आणि संपादक ते वाचण्याआधीच नाकारतो. हे खोडणे कोणत्याच दप्तरात नमूद होत नाही, म्हणून ते अधिक भयंकर आहे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा ऐसपैस जागा मिळत आली आहे. या दिवाळी अंकासाठी यंदा आम्ही लेखकांना विषय नेमून दिले नाहीत, लांबीचे बंधन घातले नाही, आणि आम्हांला न पटलेली मते ती आम्हांस पटली नाहीत एवढ्याच कारणावरून काढून टाकली नाहीत. ज्यांनी पूर्वी कधीच काही छापून आणले नव्हते अशा काही स्त्रियांचे लेखन या अंकात आहे. त्यांतील दोघींनी ते नातवंडांना सांगून लिहविले. त्यांच्या बोलीचे शुद्धलेखन आम्ही केलेले नाही. हा अंक वाचकांच्या हाती रुजू करीत आहोत.